केज तालुक्यातील निरोगी मुगाचा बंदोबस्त

१९९८ च्या खरिपात केज तालुक्यातील एका शेतात मुगावर भुरी पडली नाही, ही बाब कृषी कार्यालयाने गांभीर्याने घेतली.

आसपासच्या सर्व शिवारात रोग रीतसर आला होता. पाने पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली होती. फक्त तुळजाबाईंच्या रानातला चाचणीचा तुकडा हिरवागार उभा होता. ते वाण संशोधक डॉ. सिद्धाराम यांनी काढले होते. त्यांनी बांधावर बसून बाईंना त्यातली मेख सांगितली होती. भुरीची बुरशी दाराशी आली, की झाडातलाच एक जनुक आतून कडी काढतो. बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यांनी नेमका तोच निकामी केला होता.

"म्हंजे घरभेदी मारला म्हना की," तुळजाबाई म्हणाल्या होत्या.

चाचणी यशस्वी ठरली, तर सगळे बी तुळजाबाईंना मिळणार होते. पुढच्या वर्षी सबंध रान त्याच मुगाचे. अयशस्वी ठरली, तर उभ्या पिकावर नांगर, असा नियम होता.

कृषी अधिकारी रामकिसन यांची अडचण तांत्रिक होती. यश मोजायचे ते रोग किती घटला यावरून. जो आलाच नाही, तो घटणार कसा?

"साहेब, येऊ नये म्हणूनच तर वाण काढलंय," डॉक्टर म्हणाले.

"ते तुमचं झालं. न आलेल्या चोराला पकडलं म्हणून कुठल्या फौजदाराला बढती मिळाली?"

म्हणून रोगाला संधी देण्यात आली. शेजारच्या रानातली पांढरी पाने आणून या मुगावर चोळली. बुरशी बाहेरच्या बाहेर वाळून गेली. रामकिसन यांनी 'पिकाचे रोगाशी असहकार्य' असा शेरा मारला.

अशात शिवारफेरी जाहीर झाली. पाहुणे होते तालुक्याचे पुढारी धुळाजीराव. अर्थव्यवस्था खुली झाल्यापासून त्यांनी समाजसेवेच्या जोडीला बुरशीनाशकाची एजन्सी घेतली होती. आदल्या दिवशी रामकिसन बाईंच्या दारात उभे राहिले.

"तुळजाबाई, ज्वारीचं पीठ हाय का?"

"कावून? भाकरी थापू का सायेब?"

"मुगावर भुरभुरायचंय. लांबून भुरीच दिसते. राव पंप मारतील, पीठ धुऊन जाईल, आमी लिहू रोग घटला. बी तुमचं."

"ही शुद्ध फसवणूक आहे," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, शास्त्र सांभाळायचंय का बी वाटायचंय?"

डॉक्टरांना बी वाटायचे होते. तुळजाबाईंनी सूपभर पीठ काढले. सरकारी काम नीट व्हावे म्हणून चाळून दिले.

दुसऱ्या दिवशी धुळाजीरावांनी फेटा सावरत पंप पाठीला लावला, फोटो निघेपर्यंत फवारणी केली. पाने हिरवी झाली. टाळ्या पडल्या. सकाळी बाईंना पीठ टाकताना ज्यांनी पाहिले होते, त्यांच्या टाळ्या जास्त मोठ्या होत्या. एजन्सीतर्फे त्यांना एकेक बाटली मोफत मिळाली होती.

निकाल लागला. औषध : अत्यंत प्रभावी. वाण : रोगास बळी पडणारे. सबब नांगर.

तुळजाबाईंनी कार्यालय गाठले.

"सायेब, पीठ व्हतं त्ये! माझ्या घरचं!"

"असंल. आता कुठं हाय?"

"धुऊन गेलं की."

"हेच तर औषधाचं यश."

"गावाला इचारा."

"विचारलं. सगळ्यांनी भुरी पाहिली."

"आन् माझं बी?"

"रोगट वाणाचं बी तुमच्या पदरात घालू? आमाला तुमची लई काळजी हाय, मावशी."

नांगर फिरला, तेव्हा शेंगा कोवळ्या होत्या. चोरून मूठभर बी ठेवावे म्हटले, तरी दाणा भरलेला नव्हता. तुळजाबाईंनी तरीही ओंजळभर शेंगा ओच्यात घेतल्या. त्या घरी जाईपर्यंत सुकल्या.

त्या औषधाची शिफारस पुढे जिल्ह्यातल्या सर्व मुगासाठी झाली. अगदी शेंगा तोडेपर्यंत फवारावे अशी. त्याचा अंश दाण्यात उतरतो का, असे डॉक्टरांनी एकदा लेखी विचारले. खात्याचे उत्तर एका ओळीचे होते : हा मूग खाणाऱ्या एकाही व्यक्तीची तक्रार नाही.

वाचकहो, हे उत्तर खात्याने सर्वस्वी आपल्या भरवशावर दिले आहे. आपण आजही मुगाच्या वरणाचे ताट स्वच्छ करून, काही न विचारता उठलात, याबद्दल खाते आपले आभारी आहे.