रोज संध्याकाळी आटणारा तलाव

गोपालच्या कॉम्प्युटरवर मुखरूभाऊंचा तलाव रोज संध्याकाळी आटत होता आणि सकाळी पुन्हा काठोकाठ भरत होता.

गोष्ट २००७ सालची. वरोऱ्याचा गोपाल तेव्हा नागपुरात संशोधन करायचा. गडचिरोलीकडच्या एका गावच्या तलावात त्याने खांबाला तारेने एक धातूची नळी टांगली होती. ती दर तासाला पाण्याची खोली आणि तापमान टिपायची. महिन्यातून एकदा सकाळी जायचं, नळीतली फाईल उतरवून आणायची. देखरेखीला गावातले मासेमार मुखरूभाऊ होते. गोपालने त्यांना बजावलं होतं, "भाऊ, लय महागाची वस्तू आहे. जिवापाड सांभाळा."

फाईल वाचायला त्याने पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली, तीही पुसट झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून. पहिला आठवडा फाईलीच्या पहिल्याच ओळीने खाल्ला. तिथे आकड्यांऐवजी रकान्यांची नावं होती, आणि नावांची बेरीज करायला प्रोग्राम काही तयार होईना. मग एका ओळीआधी जागा कमी सोडली म्हणून आणखी दोन दिवस गेले. पण काय सुखाचे दिवस होते ते! एक ओळ चालली तरी गडी सगळ्या होस्टेलला चहा पाजायचा.

अखेर आलेख उमटला आणि तलाव आटू लागला. मार्गदर्शक बुराडे सरांनी चष्मा कपाळावर नेला.

"एक तर तलाव खुळा आहे, नाहीतर तुझा प्रोग्राम. तलावाबद्दल मला शंका नाही. हे निस्तरल्याशिवाय फेलोशिपच्या कागदावर सही मागू नको."

घरी काय सांगायचं, या विचाराने गोपालची झोप उडाली. पाणी शून्यावर आलं की तापमान चढत होतं. रकाने उलटे झाले असतील म्हणून त्याने त्यांची अदलाबदल केली, तर तलाव एकतीस मीटर खोल निघाला. मग त्याने सरळ शून्यं गाळून टाकली. आलेख देखणा आला.

"रात्रीच्या नोंदी कुठं आहेत?" सरांनी विचारलं. "तुझा तलाव झोपतो काय?"

शेवटी सरच म्हणाले, "चल, तलावच पाहू."

एसटी वाटेत बंद पडली आणि दोघे दिवेलागणीला पोचले. तलाव होता, खांब होता, नळी मात्र नव्हती! फेलोशिप तर गेलीच होती, वर यंत्रही गेलं. तो धावतच मुखरूभाऊंच्या घरी पोचला.

"भाऊ, नळी चोरीले गेली!"

"काऊन जाईन जी?" मुखरूभाऊ शांतपणे म्हणाले. "घरी आहे ना. रोज दिवसाच्या बुडती आनतो, सकाऊन नेऊन टांगतो. तुम्हीच तं म्हनलं होतं, जिवापाड सांभाळा म्हनून. तलावावर राती कोन पाह्यते?"

नळी चुलीजवळ जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती.

"दिवसभर पान्यात रायते," मुखरूभाऊंच्या पत्नी गोकुळाबाई चुलीत लाकूड सारत म्हणाल्या. "गारठते बिचारी."

सर पोट धरून हसले. तिथेच पाटावर बसून त्यांनी गोपालच्या पिशवीतल्या कागदावर सही केली. "तुझा प्रोग्राम बरोबर आहे रे!" गोपालने त्या रात्री तीनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवसापासून नळी पाण्यातच राहिली. मुखरूभाऊ मात्र खाट घेऊन तलावाच्या पाळीवर झोपायला जाऊ लागले.

गोपाल आता चंद्रपूरला कॉलेजात शिकवतो. मुखरूभाऊ राहिले नाहीत, गोकुळाबाईही नाहीत. पायथन शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तो पहिल्यांदा तीच फाईल देतो. परवा आचल नावाची मुलगी म्हणाली, "सर, संध्याकाळच्या सगळ्या नोंदी चुकीच्या आहेत. एका ओळीत उडवून टाकू?"

"तलावाच्या हिशेबातून काढ. पण दुसऱ्या फाईलीत जपून ठेव."

आचलने तेवढ्याच नोंदींचा आलेख काढला. रोज सातच्या सुमाराला तापमान चढत होतं. चूल पेटत होती.

"पण सर, इथं दोन दिवस तापमान चढलंच नाही. यंत्र बिघडलं होतं?"

"नाही गं," गोपाल म्हणाला. "बाई लेकीकडे एटापल्लीला गेल्या होत्या. भाऊंनी दोन दिवस मुरमुऱ्यावर काढले."