सॉनातला पास्टर

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ताउनो रिंताला दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतलं पाणी नळीनं खाली तळघराच्या मोरीत सोडत होता. रोज निम्मं पाणी काढायचं आणि रोज निम्मं ताजं भरायचं, हा त्याचा चौदा महिन्यांचा नेम होता. त्याची बायको हिल्का म्हणायची की इतक्या नेमानं तो चर्चला गेला असता, तर थंडर बे शहरातल्या लोकांनी त्याला जिवंतपणीच संत केलं असतं.

टाकीत आठ डिस्कस मासे होते. आणले तेव्हा नाण्याएवढे होते, आता ताटलीएवढे झाले होते. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यावर ताउनोनं पहिल्यांदा मासे पाळले, ते स्पर्धेत उतरवले, आणि परीक्षक बाईंनी टाकीसमोर अर्धं मिनिट उभं राहून वहीत लिहिलं होतं: "डोळा मोठा, अंग लहान. वाढ खुंटलेली." ताउनो दोन दिवस जेवला नव्हता. मग त्यानं ही नवी पिल्लं आणली आणि कंबर कसली. दिवसातून सहा वेळा खाणं, तेही गाईचं काळीज, कोलंबी, पालक आणि लसूण एकत्र वाटून. वाटायला हिल्काचं खिम्याचं यंत्र. त्या वासामुळे गेल्या नाताळात घरात खिमा झाला नव्हता, आणि हा विषय अजून मिटलेला नव्हता.

सगळ्यांत मोठ्या माशाचं नाव पास्टर, चर्चमधल्या धर्मगुरूवरून. तांबडा, गोल, गंभीर, आणि वाडगा दिसला की पहिल्यांदा पुढे येणारा. आजची स्पर्धा त्याच्यासाठीच होती. परीक्षक बाई घरोघर जाऊन मासे मोजत होत्या आणि रिंतालांकडे तीन वाजता यायच्या होत्या.

फोन त्यांचाच होता. कोवाल्चुकबाईंनी सांगितलं की संध्याकाळी वादळ आहे, रस्ते बंद होतील, म्हणून त्या बारालाच पोचतात. ताउनो नळी तशीच वाहती ठेवून आनंदानं वर पळाला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट शोधला, तो सापडेना म्हणून दुसरा शोधला. इकडे नळीचं खालचं टोक पाण्याच्या जोरानं मोरीतून निसटलं, सापासारखं वळवळत भिंतीला टेकलं आणि थेट फ्यूजच्या पेटीवर फवारा मारू लागलं.

फट् असा आवाज झाला आणि घरातलं सगळं बंद पडलं. दिवे, टाकीचा हीटर, घर गरम ठेवणारी भट्टी, सगळं. ताउनो अर्ध्या दाढीनं खाली आला तेव्हा टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि आठही मासे धुऊन ठेवलेल्या ताटल्यांसारखे आडवे पडले होते.

त्यानं नळी ओढून काढली आणि वीजवाल्याला फोन केला. वीजवाल्यानं बजावलं की पेटीला हात लावू नका, चारपर्यंत येतो. बाहेर उणे एकतीस होतं. घर तासाभरात गार होणार हे सांगायला कुणी नको होतं, आणि डिस्कसला तर एकोणतीस अंशांखाली करमत नाही.

या सगळ्या आवारात ऊब एकाच ठिकाणी होती. अंगणातल्या सॉनात, म्हणजे वाफेनं अंग शेकायच्या लाकडी खोलीत. हिल्कानं सकाळीच तिथली लाकडाची चूल पेटवली होती, कारण शनिवार म्हणजे सॉनाचा दिवस, आणि तीन वाजता तिच्या भजनी मंडळातल्या तिघी वाफ घ्यायला यायच्या होत्या.

"नाही," हिल्का म्हणाली. त्यानं अजून काही विचारलंही नव्हतं.

ताउनोनं टाकीकडे बोट दाखवलं. पास्टर एका कुशीवर पडून कल्ले हलवत होता. हिल्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा उतरला. "बरं. पण साइमीला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

साइमी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिनं आयुष्यात दोनदाच शनिवारचा सॉना चुकवला होता, आणि दोन्ही वेळा ती बाळंत होत होती.

तळघरात उद्यासाठी गरम करून ठेवलेलं पिंपभर पाणी होतं, ते दोन निळ्या टबांत भरलं. एकेका टबात चार मासे, वर झाकण, त्यावर गोधडी, आणि खाली नातवंडांची बर्फावरची घसरगाडी. अंगण ओलांडायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात ताउनोच्या दाढीचा राहिलेला साबण गोठला. सॉनात पन्नास अंश होते. त्यानं दार सताड उघडून थंडी आत घेतली, अर्धी लाकडं बाहेर बर्फात फेकली आणि काटा एकतीसवर आणून ठेवला.

बाराला कोवाल्चुकबाई आल्या. घर बर्फासारखं, म्हणून त्यांनाही सॉनातच नेलं. त्यांनी टबात डोकावून पाहिलं आणि पट्टी परत पिशवीत ठेवली. मासे घाबरून कोळशासारखे काळे पडले होते आणि कोपऱ्यात डोकी खुपसून बसले होते. त्यांनी सांगितलं की काळा पडलेला मासा निरोगी धरता येत नाही आणि निरोगी नसेल तो मोजता येत नाही. दीडपर्यंत त्या थांबतील. रंग आला तर आला. तोवर कुणी हलायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

वादळाची बातमी भजनी मंडळानंही ऐकली होती. त्यामुळे साडेबाराला साइमी आणि दोघी जणी पंचे, साबण घेऊन हजर. ताउनोनं त्यांना दाराबाहेरच गाठून हलक्या आवाजात सगळं सांगितलं. साइमीनं ऐकून घेतलं, आत येऊन वरच्या फळीवरची आपली नेहमीची जागा घेतली आणि काट्याकडे पाहिलं.

"ताउनो, बाबा, हा सॉना आहे की फ्रीज?"

"फक्त तासभर, साइमी आजी."

"माझ्याकडे तास किती उरलेत ते तुला ठाऊक आहे?"

मग सगळ्या कपड्यांनिशी ओळीत बसल्या. हिल्कानं चुलीवर कॉफी ठेवली आणि वेलदोड्याचा पाव कापला. सहा माणसं पावाचा तुकडाही आवाज न करता चावत दोन टबांकडे बघत होती. एक वाजला. मासे काळेच. सव्वा वाजला. कोवाल्चुकबाईंनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात साइमीनं, आयुष्यभराच्या सवयीनं असेल नाहीतर मुद्दाम असेल, बादलीतला डाव उचलला आणि चुलीवर वाफेसाठी रचलेल्या तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

फुस्स करून वाफ उठली. कुणाला कुणी दिसेना. काटा एकतीसवरून पस्तीसवर गेला. ताउनो धडपडत दाराकडे निघाला आणि कोवाल्चुकबाईंच्या पायावर पडला. त्या चष्मा पुसत होत्या. वाफ विरली तेव्हा सगळ्यांत आधी हिल्काला दिसलं. ती पुटपुटली, "अगं बाई, लाल झाला."

पास्टर कोपऱ्यातून बाहेर आला होता. पंख ताठ, अंग कुंकवासारखं. तो टबाच्या कडेला येऊन नेहमीप्रमाणे खायला मागत होता. हिल्कानं पावाचा तुकडा पुढे केला, तो ताउनोनं झडप घालून तिच्या हातून काढून घेतला.

कोवाल्चुकबाईंनी पट्टी पाण्यात धरली. मोजलं, पुन्हा मोजलं. साडेएकवीस सेंटीमीटर. डोळा अंगाच्या मानानं लहान, वाटाण्याएवढा. त्या म्हणाल्या की इतकी सुरेख वाढ त्यांनी क्वचित पाहिलीय. मग वही चाळून जरा अवघडून म्हणाल्या, "फक्त गेल्या आठवड्यात ड्रायडन गावात एक नर पाहिला. बावीसचा."

ताउनो खालच्या फळीवर बसला. चौदा महिने, आणि अर्धा सेंटीमीटर. हिल्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तो भिंत का चाटतोय?" साइमीनं विचारलं.

पास्टर टबाची बाजू तोंडानं घासत होता. शेजारचा जरा लहान मासाही त्याला हात लावत होता, म्हणजे तोंड लावत होता. दोघांनी तळहाताएवढी जागा लख्ख केली. मग पास्टर थरथरत खालून वर सरकला आणि भिंतीवर मोहरीसारख्या दाण्यांची एक रांग चिकटली. मग दुसरी. मागून तो लहान मासा त्याच वाटेनं.

कोवाल्चुकबाई वीजवाला येईपर्यंतसुद्धा थांबायला तयार दिसत होत्या. त्यांनी खोडरबर काढलं, वहीतला 'नर' खोडला आणि त्या जागी 'मादी' लिहिलं. एवढी मोठी मादी त्यांच्या यादीत दुसरी नव्हती. मादीच्या गटात पहिला नंबर.

"पास्टर बाई निघाली," ताउनो म्हणाला.

"त्यात काय," साइमी म्हणाली. "आपल्या चर्चमध्ये कधीपासूनच चालतं."

अंडी होती, तेव्हा ओरडायची सोय नव्हती. म्हणून सगळ्यांनी एकमेकांचे हात दाबले. ताउनो मात्र बाहेर गेला, दार नीट लावलं आणि उणे एकतीस अंशांत अंगणाच्या मधोमध उभा राहून पोटभर ओरडून परत आला.

चार वाजता वीजवाला आला, घर पुन्हा उबदार झालं. इतर सहा मासे टाकीत जायला हवे होते; पण वेगळं केलं की ही जोडी बिथरेल, असं हिल्का म्हणाली. आपल्याला हे कुणी सांगितलं, ते तिनं सांगितलं नाही. पहिला टब, दुसरा टब, सगळं जिथल्या तिथे राहिलं. सॉनात विजेचा छोटा हीटर आला. पिल्लं बाहेर पडली आणि आईच्या अंगावरचा चिकटा खात तिला बिलगून राहिली, तशी हिल्कानं पाणी बदलायचं कामही आपल्याकडे घेतलं. ताउनोचा हात धसमुसळा आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

पुढच्या शनिवारी भजनी मंडळ वेळेवर आलं. पंच्यांऐवजी विणकाम घेऊन. एकतीस अंशांत, कपड्यांनिशी चौघी फळीवर बसल्या. ताउनो कॉफीचा कप घेऊन दाराशी गेला, तर हिल्कानं दार बोटभर उघडलं.

"आत्ता नको. पाचवं माणूस आलं की ती काळी पडते."

"अगं, पण पिल्लं किती आहेत?"

"मोजतोय आम्ही," आतून साइमीचा आवाज आला. "दर वेळी तू येतोस आणि चुकतं."

दार लागलं. ताउनो घरात आला. दिवाणखान्यात नवा हीटर लावलेली टाकी स्वच्छ, नितळ, एकोणतीस अंशांवर उभी होती. आत एकही मासा नव्हता. तो तिच्यासमोर थोडा वेळ बसला. मग उठला, नळी घेतली, निम्मं पाणी काढलं आणि निम्मं ताजं भरलं.