कुंदाताईंचा डावा पाय

तेलीबांध्याला आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. आईनं दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला "उजवा पाय, बाई, उजवा पाय" असं बजावायचा सपाटा लावला होता. कुंदाताई आल्या. उंबरठ्याशी थांबल्या, साडी चिमटीत धरून वर उचलली आणि सगळ्यांना नीट दिसेल असा डावा पाय आत टाकला.

"अव माय! डावा काहून टाकला?" आई किंचाळलीच.

"काकू, याच पायानं देवळात जाते, याच पायानं बाजारात जाते. तुमच्याच घरी याले काय धाड भरली?"

आईनं त्यांच्या मागं गोमूत्र शिंपडलं. कुंदाताईंनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली, तुपाची वाटी तिसऱ्यांदा. वर म्हणाल्या, "कोनाच्या बापाचं काही गेलं का?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी कानावर यायचं. मी आमच्या विद्यापीठाच्या दृकश्राव्य कक्षात आहे. कॅमेरा, प्रोजेक्टर, माइक आणि ज्या साहेबाचा लॅपटॉप 'अचानक' बंद पडतो तो लॅपटॉप, हे माझं खातं. कुंदाताई झाडे नृत्य विभागात कथक शिकवायच्या. इकडं हिंदी मुलखात नवीन राज्य, नवीन राजधानी, त्या उत्साहात हा विभागही नवीन निघाला होता. त्यात 'नृत्य आणि कॅमेरा' नावाचा एक पेपर होता, म्हणजे मुलींनी नाचायचं आणि मी ते चित्रित करायचं. मी नागपूरहून नोकरीपुरता आलेला माणूस. कुंदाताई मात्र इथल्याच, वडील रेल्वेत, जन्म रेल्वे कॉलनीतला. आम्हा दोघांचं मराठीत बोलणं म्हणजे विभागातल्या लोकांना भांडणच वाटायचं. बहुतेक वेळा ते असायचंही.

आता त्या डाव्या पायाचं सांगतो. कथकात पहिला पाय उजवा पडतो. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही कळतं. चक्कर घ्यायची ती डावीकडून, घड्याळाच्या उलट. कुंदाताईंचं सगळंच विरुद्ध. पहिला पाय डावा, चक्कर उजवीकडून. बरं, बाई डावखुऱ्या म्हणाव्यात, तर तसंही नाही. लिहायचं उजव्या हातानं, जेवायचं उजव्या हातानं, भांडताना नाचवायचं बोटही उजवंच. एकानं विचारलं, तुमच्या मुली उलट्या काहून फिरतात? तर म्हणाल्या, "घड्याळ कसं फिरते? माह्या पोट्ट्या तशाच फिरते. तुमच्याच घड्याळाच्या उलट्या फिरून राहिल्या, त्यायले विचारा!"

माणूस घड्याळाकडे बघत निघून गेला.

शिकवायची पद्धतही जगावेगळी. मुलींकडे पाठ करून, एक घड्याळ सोडलं तर कोऱ्या असलेल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मुली मागं, त्यांचं बघून करणार. विभागानं मोठ्या हौसेनं हॉलमध्ये भिंतभर आरसा बसवला होता, त्याच्यावर ताईंनी सतरंजी टांगली. "आरशात पाहून पोट्टी केस नीट करते, नाच नाई." मुली आपसात म्हणायच्या, "दीदी दीवार को सिखाती हैं, हम तो बस पीछे खड़े हैं."

गुरू कोण, असं त्यांना लोक विचारायचेच. नाचणाऱ्यांच्या जगात हा प्रश्न जातीसारखा विचारतात. त्या फक्त म्हणायच्या, "घरची."

आणि दर शनिवारी दुपारी माझ्या खोलीत यायच्या. हातात कापडी पिशवी. अख्ख्या विद्यापीठात व्हीसीआर माझ्याकडे तेवढा उरला होता, तोही मीच जीव लावून चालता ठेवलेला.

"भाऊ, चहा पिऊन ये."

"आत्ताच घेतला."

"मंग अजून घे."

मी बाहेर. आतून कडी. पाऊण तास घुंगरांचा आवाज. आमचा शिपाई म्हणायचा, "मॅडम टीव्हीले बी नाचवून राहिल्या." मी हसायचो. आज वाटतं, हसायला नको होतं.

सगळं बिनसलं ते एका मोठ्या सरकारी कार्यक्रमात. दोन कॉलेजांच्या मुली एकत्र नाचणार होत्या. शेवटच्या तुकड्यात सगळ्यांनी मिळून चक्कर घ्यायची. त्या कॉलेजच्या सहा फिरल्या डावीकडून, आमच्या सहा उजवीकडून. आमची दुलेश्वरी आणि त्यांची एक मुलगी यांची डोकी अशी आपटली, की माइकमध्ये आवाज आला. पाहुण्यांना वाटलं, हा नाचाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी कुंदाताईंना बोलावलं. कॅमेरा उचलायला म्हणून मीही तिथंच होतो. साहेब म्हणाले, "मॅडम, ये सब उल्टा है. परीक्षा की फिल्म बाहर पॅनल के पास जाएगी. सीधा करवाइए. नहीं तो लड़कियां प्रॅक्टिकल में फेल, और आपकी संविदा भी आगे नहीं बढ़ेगी." संविदा म्हणजे वर्षावर्षाच्या कराराची नोकरी. दोन महिन्यांत ती संपत होती.

"उल्टा नहीं है, सर."

"तो क्या है?"

"मेरा है," ताई म्हणाल्या आणि उठून आल्या. जाताना त्या केबिनचा उंबरठाही त्यांनी डाव्याच पायानं ओलांडला. मी मुद्दाम पाहिलं.

मग हट्टानं त्यांनी तशीच फिल्म काढून घेतली. सहाही मुली, डावा पाय, उजवीकडून चक्कर. "हेच पाठव. जे आहे ते आहे." मुलींचे चेहरे एवढेएवढे झाले होते. दुलेश्वरी बीरगांवची, वडील कारखान्यात. दोन ऑटो बदलून यायची. तिच्या घरी ठरलेलं होतं, पोरगी नापास झाली की शिक्षण बंद. ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "भैया, फेल हो जाबो का?"

माझ्यानं राहवलं नाही. मी काय केलं, कॉम्प्युटरवर फिल्म आडवी उलटवली. एक बटण दाबायचं काम. डावं ते उजवं, उजवं ते डावं. सगळ्या मुली एका झटक्यात शास्त्रशुद्ध! मी स्वतःवर इतका खूश झालो, की विचारू नका. पाठवण्याआधी कुंदाताई बघायला आल्या, तेव्हाही वाटलं, कळणार नाही.

त्यांनी पाच सेकंद पाहिलं.

"भाऊ, हॉलमधलं घड्याळ उलटं काहून चालून राहिलं?"

मी पाहिलं. मुलींच्या मागं भिंतीवर घड्याळ. सेकंदकाटा दिमाखात मागं मागं जात होता. एवढ्यावर थांबतील तर त्या कुंदाताई कसल्या! "आन् दुलेश्वरीनं नाक उजवीकडं कधी टोचलं? तबलावाला कधीपासून डावखुरा झाला? शरम नाई वाटत तुले? माह्या पोट्ट्यायले चोरासारखं पाठवतं?"

मीही चिडलो. माणूस किती ऐकून घेईल! "मग सरळ शिकवा ना! एवढी वर्षं नाचता, पाय बदलायला असे किती दिवस लागतात? तुमच्या हट्टापायी ती पोरगी घरी बसेल. तेव्हा म्हणाल का, कोनाच्या बापाचं काही गेलं का?"

हे बोललो आणि जीभ चावली. कुंदाताई खुर्चीत बसल्या. मग पिशवीतून कॅसेट काढून माझ्यापुढं धरली. "लाव. आज चहाले नको जाऊ."

चित्र थरथरत होतं, वर पांढऱ्या रेघा. रेल्वे कॉलनीतला गणपतीचा मंडप, कोणाची तरी पोरं मध्येमध्ये डोकावताहेत. समोर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी कथक करत होती. सुरेख करत होती. उजव्या पायानं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मान जराशी तिरकी करून हसायची.

"शोभा. माही मोठी बहीण. त्याच साली दिवाळीत गेली. कावीळ झाली होती. मले दोनच धडे शिकवले होते तिनं. बाकीचे यातच राहिले."

घरी व्हीसीआर नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता. दर रविवारी त्यांचे वाटाणे सोलून द्यायचे, धान्य निवडून द्यायचं, आणि बदल्यात पाऊण तास कॅसेट लावून घ्यायची. अकरा वर्षांची पोर टीव्हीसमोर उभी राहून नाचायची.

"तिचा हात खिडकीकडं गेला का माहा बी खिडकीकडं. तिचा पाय दाराकडं तर माहा बी दाराकडं. समोरासमोर. तिचा उजवा तर माहा डावा, हे मले कुठं समजते? चौदा वर्षांची होती तवा एका बाईनं सांगतलं, पोरी, तुहं सगळं उलटं आहे. मी घरी येऊन सरळ करून पाह्यलं. सरळ करायसाठी तिच्याकडं पाठ करून उभं राहा लागते." त्यांनी टीव्हीकडं बोट दाखवलं. "पाठ केली का ती दिसत नाई. तूच सांग भाऊ, कशी पाठ करू?"

मला रडू आलं, ते मी व्हीसीआरची वायर तपासायच्या निमित्तानं खाली वाकून लपवलं. कॅसेट झिजली होती. शेवटच्या तुकड्यात तर शोभाचं तोंड पांढऱ्या रेघांत पार बुडून गेलं होतं.

सोमवारी हॉलमध्ये गेलो. मुली नेहमीसारख्या ताईंच्या मागं रांगेत, ताई नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून. पण सुरू करेनात. मग मागं न वळताच म्हणाल्या, "दुलेश्वरी, इधर आओ. सब इधर सामने आ जाओ. दीवार से पीठ लगाओ, मेरी तरफ मुंह करो."

मुली गोंधळल्या. "दीदी, कौन सा पैर?"

"पैर को मत देखो. मुझे देखो. मैं इधर, तो तुम भी इधर. बस."

आणि त्यांनी डावा पाय आपटला. समोरच्या सहाही जणींचा पाय त्याच बाजूचा पडला. उजवा!

मला समजायला जरा वेळच लागला. ताई कोणाकडेही पाठ करून वळल्या नव्हत्या. आपला पाय बदलला नव्हता. ज्या जागेकडे बघत त्या इतकी वर्षं नाचत होत्या, त्या जागी त्यांनी मुलींना आणून उभं केलं होतं. पहिल्या दिवशी सगळा सावळागोंधळ झाला, दोघी रडल्या, एक पडली. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ तेच चाललं.

फिल्म पुढं गेली, मुली पास झाल्या, संविदाही वाढली. संचालक हसून म्हणाले, "मॅडम, आखिर सुधर गईं आप!" त्यावर "लड़कियां सीधी हैं, सर. मैं आज भी उल्टी हूं," असं ऐकवून बाई निघाल्या. कोणत्या पायानं, ते सांगायला नको.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो फिल्म काढायचा दिवस. मुली भिंतीशी, समोर मी आणि कॅमेरा. माझ्या मागं कुंदाताई, मुलींना दिसाव्यात म्हणून जरा बाजूला, आवाज होऊ नये म्हणून घुंगरू न बांधता, मुलींसमोर नाचत होत्या. भिंतीवरचं घड्याळ सरळ चाललं होतं. पहिला तुकडा संपला आणि दुलेश्वरीनं मान जराशी तिरकी केली, हसली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दीदी करते म्हणून तीही करायची.

मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं. कुंदाताई एका जागी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"पाह्य भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "शोभा."

मी मान हलवली.

"कॅमेरा चालू आहे ना?"

"हो, ताई."

"मंग राहू दे चालू," त्या म्हणाल्या, पदरानं डोळे पुसले, आणि पुढच्या तुकड्याला डावा पाय टाकला.