भिंतीवर मेलेली मुले

“आबा, मला कधी मारणार?”

दुसरीतली तनू शिडीखाली उभी राहून विचारत होती. शिडीवरच्या गृहस्थांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला, चष्म्यावरून खाली पाहिले आणि तिचे प्रकरण मनाशी तपासून निकाल दिला, “तुझा गुन्हा लय बारीक हाय, पोरी. पेन्शील चावल्याबद्दल मी कुणाला मारत न्हाई. जा, कायतरी चांगलं करून ये.”

तनू खरोखर हिरमुसली. तिच्यामागे आणखी पाच-सहा जण ताटकळत होते. आमच्या शाळेत त्या दिवसांत मरणासाठी रांग लागत असे आणि मुख्याध्यापक या नात्याने ती सरळ ठेवण्याचे काम माझ्याकडे आले होते.

आमची शाळा बेडशाच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास कुठेतरी आहे. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. सांगून गावाचे काही सुधारणार नाही, आणि माझेही.

शाळेच्या भिंती ‘बोलक्या’ कराव्यात, म्हणजे त्यांवर चित्रे, पाढे, सुविचार रंगवून घ्यावेत, अशी हल्ली पद्धत आहे. आमच्या भिंतीचे काम मी गौतमआबांना दिले. ते लोणावळ्याला रेल्वेत पेंटर होते आणि निवृत्तीनंतर गावी, बौद्धवस्तीतल्या आपल्या घरी, परतले होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. काम ते हौसेने करणार होते, आणि हौसेने काम करणाऱ्याला ‘काय रंगवणार?’ असे विचारणे माझ्या भिडस्त स्वभावाला जमले नाही. मी पाढ्यांची अपेक्षा केली होती. भिंत बोलू लागली ती अशी:

खंडू खाई रोज खडू, पांढरा, पिवळा, लाल;
पोटामध्ये फळा झाला, फुगून आले गाल.
बाईंनी त्या पोटावरती लिहून पाहिले नाव;
नाव पुसता पुसता खंडू पुसला गेला, राव!

शेजारच्या चित्रात खंडू नव्हताच. दोन रिकाम्या चपला होत्या आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या भुकटीचा लहानसा ढीग. बाईंच्या हातात डस्टर होते आणि चेहऱ्यावर, कर्तव्य पार पाडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसे, समाधान.

“आबा,” मी म्हणालो, “हे जरा... जास्त होत नाही ना?”

“सर, सगळी नोकरी मी ‘रूळ ओलांडू नये’ लिहिण्यात घालवली. एवढाली अक्षरं! रंग वाळायच्या आत लोकं पाटीला वळसा घालून रूळ ओलांडायची. एक जण तर मलाच म्हणाला, ‘पेंटर, तेवढी पिशवी धरा, पलीकडं उडी मारतो.’ नियमाला कोण थांबत न्हाई, सर. पोरगं कसं मेलं म्हटलं, की थांबत्यात. निदान वाचाया तरी.”

बोलताना आबा मावळी बोलत आणि लिहिताना रेल्वेचे लिहीत. भिंतीवर अक्षर चढले की भाषा शुद्ध, ओळ दोरी लावून सरळ, आणि मजकुरात दयामाया नाही. कडव्याची शेवटची ओळ जुळली की ते ब्रश कानामागे खोचून जाहीर करत, “यमक बसलं, पोरगं संपलं!” खाली मुले टाळ्या पिटत.

या हत्याकांडाला नियम होते. खऱ्या नावाने कोणालाही मारायचे नाही. “तेवढं पंचशील पाळतो मी,” आबा म्हणत, आणि स्वतःच हसून पुढे जोडत, “नाव बुद्धाचं, काम यमाचं!” प्रत्येक गुन्हेगाराने मधल्या सुटीत अंगणातल्या जांभळाखाली येऊन आपला गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगायचा. दुसऱ्याचा सांगितला तर अर्ज बाद. गुन्हा पसंत पडला तर भिंतीवरचे नाव मुलाने स्वतः निवडायचे. मग आबा चित्र काढत, आणि चित्र पुरे झाले की ‘मयताची चिक्की’ वाटली जाई. ती म्हणजे लोणावळ्याच्या दुकानातून आणलेला चिक्कीचा चुरा. पहिला घास खुद्द मयताने खायचा, मग उरलेल्या शोकाकुल मंडळींनी.

तिसरीतल्या एका मुलीने आईचा मोबाइल लपवल्याची कबुली दिली. तिची ‘मंगी’ झाली:

मोबाइलात डोके खुपसून मंगी म्हणे, “थांब!”
हळूहळू आत गेली, उरले पाय लांब.
आई आता रोज पोरीला चार्जिंगला लावते;
रेंज आली तर संध्याकाळी मंगी तोंड दावते.

ती मुलगी आठवडाभर शाळेत राणीसारखी वावरत होती.

या सगळ्याचा मुलांच्या मनावर वाईट परिणाम होईल, अशी भीती मला होती. परिणाम झाला, पण वेगळाच. पूर्वी नळाची तोटी कोणी तोडली याचा तपास मला महिनाभर लागत नसे. आता एकाच तोटीवर तीन मुले हक्क सांगू लागली. गुन्हे वाढले नाहीत, कबुल्या वाढल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला जे साधले नव्हते, ते एका माणसाने खंडूला पुसून साधले होते. मी त्याबद्दल त्यांचे आभार मानले नाहीत. मनात आले होते. पण माझ्या मनात पुष्कळ गोष्टी येतात आणि तिथेच राहतात.

मग यशची पाळी आली. यश हा दत्ताभाऊंचा मुलगा, आणि दत्ताभाऊ आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. डोंगराच्या उताराची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकून त्यांनी जीप घेतली होती आणि तिच्यातून ते गावाचे भले करत हिंडत. यशने कबूल केले, की तो लेण्यांच्या पायऱ्यांवर माकडांना दगड मारतो. आबांनी गुन्हा तत्काळ दाखल करून घेतला.

माकडांना चिडवत होता खोडकर भारी पिंटू;
वानर म्हणाला, “ये की वरती, फांद्यांवरती हिंडू!”
पिंटू आता झाडावरती कच्ची जांभळे खातो;
वानर त्याचे दप्तर घेऊन शाळेमध्ये जातो.

आणि चित्राखाली, रेल्वेच्या सूचनेसारख्या बारीक अक्षरांत: ‘पालकांस अद्याप कल्पना नाही.’

यशने ही बातमी रात्री जेवताना अभिमानाने घरी सांगितली. सकाळी जीप शाळेत आली.

दत्ताभाऊंनी भिंत वाचली. चित्रातला गणवेशातला वानर पाहिला. ओठ हलवत ती बारीक ओळ पुन्हा वाचली.

“पालकांस म्हंजे कुणाला, सर?”

“सर्वसाधारण पालक, भाऊ. गमतीने...”

“गंमत करू द्या की. पण आमच्या पोराला माकड म्हणाया गावात ह्योच घावला व्हय?”

त्या ‘ह्योच’चा अर्थ मला कळला. मी त्याच गावात, दत्ताभाऊंच्याच भावकीत वाढलो आहे. तो अर्थ कळला नाही असे मला आजही म्हणता येणार नाही. आबा हाकेच्या अंतरावर डबे धूत होते. त्यांनी मान वर केली नाही; डबा मात्र एकच, पुन्हापुन्हा धुतला. मी चष्मा पुसला.

दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. ‘भिंतीवरील मजकूर मुलांच्या कोवळ्या मनास घातक असल्याने ती पांढरी करून तेथे सुविचार लिहावेत’ असा ठराव झाला. त्यातले ‘कोवळ्या’ हे विशेषण माझे.

ठराव सांगायला मी आबांकडे गेलो तेव्हा ते ओट्यावर ब्रशचे केस विंचरत बसले होते. मी पुष्कळ प्रस्तावना केली. त्यांनी मध्येच थांबवले.

“चुना मीच लावतो. दुसऱ्या कुणाचा हात नको. पोरं माझी, मूठमाती बी माझीच.”

त्यांना राग आला असता तर मला बरे वाटले असते. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “आबा, तुम्हाला मुलांच्या खोड्यांचे एवढे वेड कशाचे?”

“आमच्या वेळचे गुरुजी लय मारके होते, सर,” ते म्हणाले. “कान असा पिळायचे, की पोरगं टाचा वर करून नाचायचं. सगळी पोरं कान दाखवत हिंडायची, कुणाचा किती लाल. माझा कधीच न्हाई. मी दौत सांडली. हजेरीच्या टायमाला कोंबड्यागत आरवलो. गुरुजींच्या छत्रीत बेडूक ठिवला. गुरुजी लांबनंच म्हणायचे, ‘बस खाली.’ मला वाटायचं, आपलाच गुन्हा बारीक पडतोय. म्हणून अजून मोठा करायचो.”

“मग?”

“मग काय? एक दिस आईला इचारलं. ती म्हणाली, येड्या, कान पिळायचा म्हंजे हात लावाया लागतो.”

एवढे सांगून ते ब्रशकडे वळले. “ह्यो बगा, रेल्वेचाच हाय. केस अजून गळत न्हाईत,” असे काहीतरी म्हणाले. मी चहा घेतला आणि निघालो. ठराव मागे घ्यावा असे वाटेत दोनदा वाटले.

आबांनी भिंतीला चुन्याचा पहिला हात मारला. खंडूच्या चपला गेल्या, मंगीचे पाय गेले, वानराचे दप्तर गेले. मुले लांब उभी राहून पाहत होती. त्या दिवशी चिक्की नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडली तेव्हा पांढरी भिंत कोळशाने भरून गेली होती. खंडू होता, मंगी होती, वानर तर चार ठिकाणी होता. कडवी मुलांना पाठच होती. मी सर्वांना अंगणात उभे करून विचारले, “हे कोणी केले?” सगळे हात वर झाले. कबुलीची सवय लागली होती.

तेवढ्यात आबा चुन्याच्या दुसऱ्या हाताची बादली घेऊन फाटकातून आत आले. भिंतीपुढे पुष्कळ वेळ उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. वळले तेव्हा आवाज मात्र नेहमीचा होता.

“सरकारी भिंतीला कोळसा! ह्यो गुन्हा मातूर मोठा हाय. आता भिंतीवर मराण न्हाई. हितंच शिक्षा. चला, कान फुडं करा.”

तनू सर्वांत पुढे धावली. आबांनी बोटे सदऱ्याला पुसली आणि ओला रंग तपासावा तशी दोन बोटांनी तिच्या कानाची पाळी धरून किंचित फिरवली. “संपली!” ती किंचाळली आणि कान धरून नाचू लागली. मग दुसरा, तिसरा. मुले एकमेकांना कान दाखवू लागली, कुणाचा किती लाल. कोणाचाच लाल नव्हता. विद्यार्थ्याच्या कानाला हात लावणे आता नियमात बसत नाही, आणि मी ते थांबवायला हवे होते. थांबवले नाही. माझ्या नोकरीतली तेवढीच अवज्ञा. आबांचे डोळे भरले होते, पण चुना डोळ्यांत गेला असावा असे दाखवत ते रांग उरकत होते.

यशची पाळी आली. त्याने मान वाकडी करून कान पुढे केला. आबांचा हात उचलला गेला, आणि त्याच वेळी फाटकाशी जीप थांबली. भिंत पांढरी झाली का, हे पाहायला दत्ताभाऊ आले होते.

आबांनी जीपकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, जरा जास्त वेळ. मग हात खाली आणला आणि एक पाऊल मागे सरकले.

“बस खाली,” ते यशला म्हणाले.

यश हलला नाही. त्याची मान तशीच वाकडी होती.

“आबा, माझा ऱ्हायला की!”

मुले माझ्याकडे पाहू लागली. घंटेला अजून बराच अवकाश होता. मी घंटा वाजवली.