बेवारशांचं सुतक

काशीत मरणाऱ्याला मोक्ष मिळतो, याबद्दल शास्त्रांत दुमत नाही. वाटेत सरकारी मुर्दाघर लागलं तर काय, हे मात्र कुठल्या ग्रंथात सापडत नाही. आमचे शेजारी विनूभट तिथेच अडले होते.

विनूभट राजा घाटावर भिक्षुकी करत, म्हणजे सुतकात नसतील तेव्हा. आणि ते बहुधा सुतकातच असत. मुर्दाघरातलं एखादं बेवारस प्रेत ओळख न पटता हलवलं, की भट त्याचं दहा दिवस सुतक धरत. ते फिटतं न फिटतं तोच पुढचं येई. सुतकातल्या भटाला पूजा कोण सांगणार? "साऱ्या बनारसचं सुतक आमच्याच घरी का, मास्तर?" असं भटांच्या घरच्या काकू मला विचारत.

नातं नाही, गोतं नाही, मग सुतक कसलं, असं मी एकदा भटांना विचारलं.

"गोत्रच ठाऊक नाही," ते म्हणाले, "मग ते माझं नव्हे असं कसं म्हणू?"

या वाक्यातली चूक मी आठ दिवस शोधत होतो. शास्त्रीमंडळींनी त्यावर सभा भरवली. तीत दोन तट पडले आणि फराळ झाला.

भट माझ्याकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेत: मुर्दाघराला खिडकी पाडावी, बर्फ द्यावा, प्रेत तीन दिवस ठेवावं. मुर्दाघराचे डॉक्टरसाहेब चक्रावले. मेलेल्यांना उजेड कशाला, असं त्यांनी लेखी विचारलं. बर्फ तर उन्हाळ्यात क्लबालाच पुरत नव्हता.

सहावा अर्ज लिहिताना मीच कंटाळून विचारलं, की खिडकीचा एवढा हट्ट का.

भटांनी जानवं चाचपलं. "एका वैशाखात तिथला शिपाई बोलवायला आला होता. मुर्दा दक्षिणी दिसतो म्हणाला, म्हणजे आपल्यातला. मी सोवळ्यात, यजमान खोळंबलेले. उंबऱ्यावरूनच पाहिलं. आत काळोख. म्हटलं, आपलं कुणी नाही."

पंधरा दिवसांनी वाईहून भटांच्या वहिनींचं पत्र आलं: हे सुखरूप पोचले का? भटांनी मुर्दाघराच्या दप्तरातली नोंद काढवली. कानात भिकबाळी, एवढंच लिहिलं होतं. ती भटांच्या थोरल्या भावाची, दादांची होती.

अखेर खिडकी मंजूर झाली. मांडव पडला, बँड वाजला, साहेब सुधारणेवर पाऊण तास बोलले. साहेबांच्या नावाची शिळा खिडकीपेक्षा थोडी मोठी होती. मंडळी चहाला वळल्यावर भट त्याच उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले.

"दिसतं हो, मास्तर," ते हळूच म्हणाले. "इथून चेहरा दिसला असता."

आत नुसत्या चुना मारलेल्या भिंती होत्या. आज कुणीच नाही का, असं भटांनी शिपायाला विचारलं.

"दो ठो लावारिस थे, पंडितजी. साहब को बदबू न लगे, सो सबेरे ही हटा दिए."

भट तसेच घाटावर गेले आणि स्नान करून सुतकात बसले. एकाच दिवशीची दोन सुतकं दहा दिवसांतच फिटतात, एवढी सवलत शास्त्रात आहे.