राजय्यांचा पिवळा लॉट

आमच्या शेजारचे राजय्या माणसांना नावानं ओळखत नसत, रंगानं ओळखत. पोस्टमन 'उडालेला खाकी', पिठाच्या गिरणीवाला 'कोरा', आणि आमचे हे 'अर्ध्या उकळीचा बदामी'. हा शेवटचा रंग मला वीस वर्षांच्या संसारात सुचला नव्हता, पण ऐकल्याबरोबर पटला.

राजय्या सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात सूत रंगवायचे. पूर्व भागातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. माझ्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरची तेलुगू बोलायची ती फक्त मांजराशी.

हात कोपरापर्यंत रंगलेले, कारखान्यात जो लॉट चालू असेल त्या रंगाचे. बाजारात पुढे कोणती चादर येणार ते आम्हांला त्यांच्या हातांवरून आधीच कळे. आणि जगाला विचारायचा त्यांचा एकच प्रश्न होता : कच्चा का पक्का? समोरच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हा यांनी बोट ओलं करून नवऱ्यामुलाच्या बाहीवर घासलं. निळं निघालं. "कच्चा हाय की," म्हणाले आणि चहा प्यायला बसले. शर्ट कच्चा आहे, मुलगा नाही, असं मुलाचा मामा परोपरीनं सांगत राहिला. पण मुलीच्या आईच्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

त्या उन्हाळ्यात पिवळा लॉट लागला. राजय्या कोपरापर्यंत पिवळे झाले, त्यात नवल नव्हतं. मग मानही पिवळी दिसायला लागली. आमचे हे म्हणाले, राजय्या यंदा रंगाच्या हौदात उतरून सूत रंगवतायत वाटतं. सगळे हसले, राजय्याही हसले. मीही हसले.

पण शेंगाची चटणी बघून त्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा माझं हसू थांबलं. हा माणूस तिखटाच्या वाटीत भाकरी बुडवून खाणारा. आता फोडणीचा वास आला तरी दार लावून घेई. भाकरी मांजराच्या पुढ्यात सरकवी, आणि मांजर तेवढं तब्येतीनं सुधारत चाललेलं. लघवी गडद होतेय का म्हणून मी सरळ विचारलं. अशा बाबतीत लाजून कुणाचं भलं झालेलं नाही. तर म्हणे होतेय, पण चांगलंच आहे, आत गेलेला रंग बाहेर पडतोय.

मी त्यांना दंडाला धरून अंगणात उन्हात उभं केलं आणि खालची पापणी ओढली. आत हळद.

"डोळ्यांत रंग कसा गेला?"

"वाफ लागती की अक्का."

"लाल लॉट होता तेव्हा डोळे लाल नव्हते झाले."

"लाल पक्का असतोय. जागा सोडत न्हाय."

मी डॉक्टरांचं नाव काढलं, त्यांनी होटगीकडच्या एका कावीळ उतरवणाऱ्या बाबाचं. मी म्हटलं, आधी बाबा, मग डॉक्टर, पण दोन्ही आजच. आणि बरोबर निघाले.

बाबानं राजय्यांच्या हातांना कसलीशी साल चोळली, वरून चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळंधमक पाणी उतरलं. उतरली कावीळ, असं बाबा म्हणाला. बाकीचे रोगी हात जोडून बसले होते. राजय्या मात्र परातीवर वाकले आणि आनंदानं म्हणाले, "काय झकास पिवळा हाय. ह्यो पक्का बसतोय का?" मग राजय्यांनी माझे हात पुढे ओढले आणि माझ्यावरही प्रयोग करायला लावला. माझं पाणी त्यांच्याहून पिवळं निघालं.

राजय्यांचा चेहरा पडला. "अक्का, तुमालाबी हाय."

मी सांगत होते की अहो, हा त्या सालीचा रंग आहे. पण ते ऐकण्यापलीकडे गेले होते. त्यांनी शेवटी साल घेऊन बाबाचेच हात चोळले, आणि पाणी ओतून हळहळले, "बाबाला तर लईच हाय. चला की दवाखान्यात." बाबा आला नाही. आम्ही दोघं गेलो. स्वतःसाठी जो माणूस गेला नसता, तो माझ्यासाठी पुढे पळत होता.

डॉक्टरांना म्हणाले, आधी अक्काला बघा. डॉक्टरांनी माझे डोळे बघितले, काही नाही म्हणाले. मग राजय्यांना झोपवून उजव्या बरगडीखाली दाबलं, तर ते टेबलावरून उठूनच बसले. रक्त-लघवी तपासली. यकृताला सूज होती. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस झाडपाल्यावर काढले असते तर मला फार काही करता आलं नसतं. भूक आधी मरते, पिवळेपणा मागून येतो. तेव्हा भूक गेली की यायचं, पिवळं व्हायची वाट बघायची नाही. हौदापासून सुट्टी, पाणी उकळून, दारूचा थेंब नाही, मनानं कुठलं औषध नाही. आणि रोज सकाळी उजेडात कुणीतरी डोळे बघायचे.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

राजय्या छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरसाब, पंख्याचा रंग उडालाय."

"मी आहे," मी म्हटलं.

तेव्हापासून ते रोज सकाळी माझ्या दारात येत, बोटानं पापणी खाली ओढत आणि उभे राहत. मी पोळी तव्यावर टाकून बघायची. डोळे आधी जर्द, मग फिकट, मग पांढरे. पावसाळा सरता सरता डॉक्टर म्हणाले, बरे झालात, आता बघायची गरज नाही. राजय्या हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पापणी ओढून दारात हजर. मीही बघितले. वेळ असा कितीसा जातो?

दिवाळीत मी बहिणीकडे अकलूजला जाऊन राहिले. परत आले, टांग्यातून उतरले, पिशवी अजून हातातच होती, तर राजय्या समोर. दोन्ही हातांनी दोन्ही पापण्या ओढलेल्या.

"आठवड्याचं समदं राहिलंय, अक्का," राजय्या म्हणाले. "निवांत बगा."

मी पिशवी खाली ठेवली.