कपाळावरचा चष्मा

त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. सासरचेसुद्धा, अर्थात पाठीमागे. त्याच्या दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक यायचं. त्या गृहस्थांनी उभं आयुष्य फोटो काढण्यात घालवलं होतं. एकदा नंबर तपासून घेताना ते म्हणाले, "हल्ली मोबाइलवर फोटो निघतात हो, काढावे लागत नाहीत." चष्मेवाल्याला हे वाक्य इतकं आवडलं, की संध्याकाळी घरी जाऊन त्यानं ते स्वतःचं म्हणून बायकोला ऐकवलं.

"मग निघू देत की," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती.

इथंच विषय संपायला हवा होता. पण बायकोनं आपल्याला मोडीत काढलं असं चष्मेवाल्याला वाटलं (ते खरंही होतं), आणि आठवड्याभरात त्यानं कॅमेरा आणलाच. दिसायला जुन्या घाटाचा, आतून डिजिटल. त्याची तऱ्हा अशी, की डोळा लावायची खिडकी भिंगातून बघतच नाही. ती वेगळी, वरच्या कोपऱ्यात. तिच्यातून पाहिलं की मधोमध एक लहानसा उजळ चौकोन दिसतो, आणि त्या चौकोनात जे येईल ते दोन-दोन दिसतं. मग भिंगाभोवतीची कडी हळूहळू फिरवायची. दोन माणसं सरकत सरकत एकमेकांवर येतात, दोघांचा एक माणूस झाला की तो फोटोत स्पष्ट येणार. बाकी कोण धूसर येणार, हे मात्र ती खिडकी सांगत नाही. तिच्यात सगळे सारखेच स्वच्छ दिसतात.

म्हणजे ज्याला दिसतं त्याला. चष्मेवाल्याला स्वतःला साडेतीनचा चष्मा होता. चष्मा लावून खिडकीला डोळा लावला, तर डोळा लांब राहायचा आणि चौकटीच्या कडा दिसायच्या नाहीत. यावर उपाय होता. आपल्या नंबरची एक बारकी गोल काच करून त्या खिडकीवर बसवायची. हे काम शहाण्या चष्मेवाल्यानं अर्ध्या तासात केलं असतं. आपला चष्मेवाला चार महिने "उद्या करतो" म्हणत होता आणि तोवर चष्मा कपाळावर सरकवून फोटो काढत होता. त्याच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, त्याच्याच वळणदार अक्षरात पाटी होती : 'चष्मा डोळ्यांसाठी असतो, कपाळासाठी नाही.' गिऱ्हाइकांना तो ती बोट दाखवून वाचायला लावायचा.

कॅमेऱ्याच्या पाठीवर काढलेला फोटो बघायचा पडदाही होता. त्यावर त्यानं चामड्याचं झाकण बसवून घेतलं होतं. "खरा फोटोग्राफर लगेच मागे वळून बघत नाही," तो म्हणायचा. हे वाक्यही त्या म्हाताऱ्यांचंच.

आता बायकोची गोष्ट. तिला दोन बहिणी. थोरली दूरच्या गावी, धाकटी याच गावात, आणि दोघींमध्ये अकरा वर्षं अबोला. कारण शिवणयंत्र. आईनं आपलं शिवणयंत्र धाकटीला दिलं. थोरलीचं म्हणणं, त्यावर हात बसला तो माझा. त्या यंत्रावर अकरा वर्षांत कुणी साधी उशीची खोळ शिवली नव्हती, पण ते दोघींच्या मनातून हलत नव्हतं. मधल्या मधे ही मधली. दवाखान्यात नर्स होती, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कधी हिला फोन, कधी तिला फोन करायची. एकीचं बोलणं दुसरीला सांगताना त्यातले काटे काढून सांगायची. हे तिनं अकरा वर्षं केलं, आणि त्याबद्दल तिला कुणी कधी बरं म्हटलं नाही. नवऱ्यानंही नाही.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. इतकी वर्षं मधलीकडे होती, आता थोरलीकडे कायमची राहायला जायची होती. जाण्याआधी तिनं एकच मागितलं. "तिघी एका ठिकाणी बसलेल्या मला बघायच्यात. तेवढा एक फोटो द्या, तिकडे भिंतीवर लावीन." मधलीनं दोन महिने खपून ते जमवलं. थोरली आईला न्यायला येणार, त्याच दुपारी धाकटीनं चहाला यायचं, फोटो काढायचा, आणि कुणी यंत्राचं नाव काढायच्या आत उठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि थोरली गाडीत.

"मोबाइलवर काढू," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन मिनिटांत होईल."

"फोटो निघेल," चष्मेवाला म्हणाला, "काढला जाणार नाही."

"अहो, मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय? एवढा एक फोटो नीट काढा. झाकण तेवढं काढा त्या भिंगाचं."

झाकणाचा उल्लेख त्याला फार लागला. त्यानं त्या दुपारी झाकण तीनदा तपासलं. (झाकण काढलेलं होतं, हे इथंच सांगून टाकतो. त्याची चूक इतकी साधी नव्हती.)

ठरल्याप्रमाणे सगळ्या आल्या. थोरली आणि धाकटी एकमेकींकडे न बघता चहा प्यायल्या. धाकटीनं "ताई, साखर?" असं विचारलं आणि थोरलीनं "पुरे" असं उत्तर दिलं. अकरा वर्षांनी दोघींमध्ये तीन शब्द झाले होते. मधलीचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं कप गोळा केले आणि नवऱ्याला खूण केली, की आता, लगेच.

चष्मेवाल्यानं आधी सगळ्यांचे मोबाइल टेबलावर ठेवायला लावले. मग त्यानं कोच ओढून आरशाच्या कपाटासमोर आणला.

"आरशासमोर कशाला?" बायको म्हणाली.

"खोली मोठी दिसते."

"बरं. मग मी मध्ये बसते."

"अगं, मध्ये कशी? उंचीप्रमाणे बसायचं. ताई, धाकटी, मग तू."

बायकोनं मान हलवली, डोळे मोठे केले, तोंडानं आवाज न काढता "नको, नको" म्हटलं. पण तोवर चष्मा कपाळावर गेला होता, आणि नवऱ्याला समोर फक्त तीन रंगीत ठिपके दिसत होते. त्यामुळे थोरली आणि धाकटी शेजारी-शेजारी बसल्या. शेजारी म्हणजे मध्ये हातभर जागा सोडून. कोचावर चौथं माणूस मावलं असतं.

"आईंना मध्ये पुढे बसवू, स्टुलावर," चष्मेवाला म्हणाला. सासूबाई बसल्या. त्यानं खिडकीला डोळा लावला आणि कडी फिरवायला घेतली. सासूबाईंचे गुडघे स्टुलावर दोन मिनिटांत बोलायला लागले, म्हणून त्या उठून कोचाच्या टोकाला खुर्चीवर जाऊन बसल्या. मधलीनं उठून त्यांना हात दिला, स्टूल बाजूला सारलं आणि परत जागेवर बसली. हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं, एक सोडून.

त्या एकाला चौकोनात, दोघी बहिणींच्या बरोबर मध्ये, एक गोल, पांढरट, चकचकीत डोकं दिसत होतं. म्हणजे दोन डोकी. सासूबाईंचे पांढरे केस कसे छान उजळलेत, असं त्याच्या मनात आलं. वर त्यांचा चष्माही चमकत होता. तो चष्मा त्यानंच करून दिला होता, त्यामुळे त्याला विशेष समाधान वाटलं.

"आई, हलू नका हं."

"नाही बाई हलत," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या.

पण डोकं हलत होतं. कडी फिरवताना चष्मेवाला स्वतः जरा हलला, की तेही हलायचं. "आई, किंचित डावीकडे," म्हणत त्यानं आपली मान कलती करून दाखवली, आणि काय सांगावं, डोकं लगेच कललं. सव्वीस वर्षांत या सासूनं त्याचं इतकं तत्परतेनं कधी ऐकलं नव्हतं. त्याला भरून आलं.

"झालं का?" थोरलीनं विचारलं.

"दोनाचं एक होतंय. थांबा."

दहा मिनिटं झाली. हसू चेहऱ्यावर किती वेळ धरून ठेवायचं, यालाही मर्यादा असते. आधी थोरलीचं उतरलं.

"हिला जरा इकडे सरकायला सांगा," ती समोर बघत म्हणाली. "एवढं अंतर सोडून बसलीय, फोटोत कसं दिसेल?"

"मीच का सरकू?" धाकटीही समोर बघतच म्हणाली. "नेहमी मीच का?"

"नेहमी? यंत्र कुणाच्या घरी आहे?"

मधलीनं डोळे मिटून घेतले. "अहो, दाबा ना ते बटण! दाबा!"

"कुणी हलू नका," चष्मेवाला आनंदानं म्हणाला, "एक झालं! अगदी एक!" आणि त्यानं बटण दाबलं. एकदा दाबून समाधान होईना म्हणून सदतीस वेळा दाबलं. त्या सदतीस फोटोंच्या अवधीत शिवणयंत्र निघालं, यंत्राचा पाय कुणी मोडला ते निघालं, वडिलांच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं तेही निघालं. अडतिसाव्याला धाकटी पर्स घेऊन दाराबाहेर होती. जाताना तिनं आईला नमस्कार केला, बाकी कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला आणि थोरलीला गाडीत बसवून बायको घरी आली. तिनं चपलाही काढल्या नाहीत. "दाखवा," ती म्हणाली.

त्यानं कॉम्प्युटर लावला. पहिला फोटो उघडला. मग दुसरा. मग तो भराभर पुढे जायला लागला.

सदतीस फोटो. प्रत्येकात डावीकडे थोरलीच्या रंगाचा एक डाग, उजवीकडे धाकटीच्या रंगाचा, त्याच्या पलीकडे आणखी दोन. नाक, डोळे, कुणालाच नाहीत. आणि त्या डागांच्या मधोमध, हातभर जागेतून दिसणाऱ्या आरशात, एक माणूस. लख्ख. त्याच्या टकलावरचे उरलेले केस मोजता येत होते. शर्टाची तुटलेली गुंडी दिसत होती. डोळ्याला कॅमेरा, तोंड उघडं, आणि चष्मा कपाळावर.

"हे आईंचं डोकं..." चष्मेवाल्यानं सुरुवात केली आणि तो थांबला.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या बायकोला काय उत्तर द्यायचं हे त्याला माहीत होतं.

"अकरा वर्षं लागली मला त्या दोघींना एका कोचावर बसवायला," ती म्हणाली. "आता त्या परत बसायच्या नाहीत. आई असेपर्यंत तरी नाही. आणि तुम्हाला त्या सगळ्यात कोण दिसलं? तुम्ही."

"अगं, तो चौकोन बरोबर मध्ये असतो, आणि मध्ये नेमकी जागा..."

"मी म्हटलं होतं मी मध्ये बसते."

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, आणि त्या दिवशी त्यानं केलेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच.

त्याच आठवड्यात त्यानं खिडकीवरची काच घासली. खरंच अर्ध्या तासात झाली. अगदी चपखल बसली. तिच्यातून त्यानं घरभर पाहिलं. स्वयंपाकघरात बायको त्याच्याकडे पाठ करून उभी होती, आणि तिच्या वेणीतला केस न् केस वेगळा दिसत होता. "जरा इकडे बघतेस?" त्यानं विचारलं. तिनं बघितलं नाही. त्यानं कॅमेरा पेटीत ठेवला.

तिकडून आईचे फोन सुरू झाले. फोटो कधी येतोय? भिंतीला खिळासुद्धा मारून घेतलाय. चष्मेवाला म्हणाला, आपण सांगू, कॅमेरा बिघडला. बायको म्हणाली, "नाही. आईला कबूल केलाय, तो जाईल." तिनंच त्यातल्या त्यात बरा एक निवडला, मोठा करून घेतला, काचेची चौकट करवली आणि पाठवून दिला. थोरली तो भिंतीवर लावू देणार नाही असं चष्मेवाल्याला वाटलं होतं. पण थोरलीनं स्वतः लावला. त्यात धाकटी ओळखू येत नव्हती, ही गोष्ट तिला पसंत पडली असावी.

चार दिवसांनी सासूबाईंचा फोन आला, आणि त्यांनी जावयालाच मागितलं. बायकोनं फोन त्याच्यासमोर धरला. स्पीकर चालू होता.

"जावईबापू, फोटो पोचला हो. छान आलाय. पण माझा नंबर वाढला वाटतं. पोरी काही दिसत नाहीत मला. रोज सकाळी समोर जाऊन उभी राहते, डोळे पुसते, तरी पुसट. तेवढा चष्मा बदलून पाठवाल का?"

सासूबाईंचा नंबर त्यानं त्या जाण्याआधी पंधरा दिवसच तपासला होता. तो वाढलेला नव्हता. चष्मेवाल्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं त्याला वाचवायचा अजिबात प्रयत्न केला नाही.

"हो आई," तो म्हणाला. "या वयात वाढतो जरा. पाठवतो."

त्यानं त्याच नंबरचा नवा चष्मा पाठवला. महिन्यानं पुन्हा फोन, पुन्हा नवा चष्मा. आता तिसरा गेला आहे, हलकी चौकट, सगळ्यांत भारी काच. तो मिळाल्याचं सांगायला सासूबाईंनी परवा फोन केला, तेव्हा चष्मेवाला दुकानात होता आणि समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"पोरी अजून नाही दिसत हो," सासूबाई म्हणाल्या. त्या कानानं कमी ऐकायच्या, त्यामुळे मोठ्यानं बोलायच्या, आणि दुकान लहान होतं. "त्या आता दिसतील असं वाटतही नाही मला. तुम्ही मात्र स्पष्ट दिसता, अगदी समोर उभे असल्यासारखे. एक सांगू का, राग मानू नका. तुमचा धंदाच तो आहे, मी काय शिकवणार? पण चष्मा डोळ्यांवर लावत जा हो, कपाळावर काय उपयोग त्याचा?"

दोन्ही गिऱ्हाइकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग वरच्या पाटीकडे.